एल्बोला बार चालत न्हाई

पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत गुरुजींनी एकदा काटकोन काढायला सांगितला. आम्ही सगळे पाटीवर पेन्सिल घासत बसलो. फकरोद्दीननं मात्र पिशवीत हात घातला आणि बाभळीची एक काटकी बाहेर काढली. झाडावरच काटकोनात वाढलेली, अगदी मापात. "काढायचा कशाला गुरुजी, तयारच हाय," म्हणाला. गुरुजींनी त्याच काटकीनं त्याला चार लगावल्या. काटकी काही मोडली नाही. आणि हा पठ्ठ्या मार खातानासुद्धा माझ्याकडं बघून डोळे मोठे करत होता: बघ, मोडली का?

असा हा आमचा फकरोद्दीन. बाप गावचा लोहार, भिंतीला भिंत लागून सुताराची पडवी. त्यामुळं पाढ्यांच्या आधी त्याला एक गोष्ट कळली होती. नांगराला जे वाकडं लाकूड लागतं, ते वाकडंच वाढलेलं बघून आणायचं. सरळ ओंडका तासून वाकडा केला तर आतल्या रेषा तुटतात आणि तिथंच तो मोडतो. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याला हे पटलं नव्हतं. त्यानं सागाचा महागडा सरळ ओंडका आणून, तासून, तेलपाणी करून नांगर केला. पहिल्याच तासाला नांगर मोडला. शेतकऱ्यानं खूप विचार केला आणि बैल बदलले.

ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की घरात नातवंडं "बैल बदलले" एवढंच म्हणून उठून जातात. पण फकरोद्दीनची पुढची सगळी जिंदगी समजायची तर ती ऐकावीच लागते. कारण बैल बदलणारी माणसं त्याला जालन्यातही भेटली, आणि तिथं त्यांच्याकडं कॉम्प्युटर होता.

जालन्याच्या एमआयडीसीत श्रेणिकशेठ यांचा छोटा कारखाना आहे. आजोबा राजस्थानातून आले. वडील सोहनलाल लोखंडाचा व्यापार करायचे. श्रेणिकशेठनं लेथ मशिनी बसवल्या आणि दाबाच्या टाक्यांना लागणारे सांधे बनवायला सुरुवात केली. दाबाची टाकी म्हणजे आपल्या घरातला कुकर समजा, फक्त खोलीएवढा. कुकर उडाला तर डाळ छताला लागते. ही उडाली तर छत शोधावं लागतं. अशा टाकीतून वाफ बाहेर नेणाऱ्या नळ्यांना जे सांधे लागतात, ते हे लोक करतात. नळी सरळ पुढं जायची असेल तर कपलिंग, कोपऱ्यात वळायची असेल तर एल्बो, तीन वाटा फुटायच्या असतील तर टी.

सोहनलालजींनी फकरोद्दीनला स्टोअरवर ठेवलं, त्याला सव्वीस वर्षं झाली. स्टोअर म्हणजे कच्च्या मालाची खोली. त्याच्या मांडणीला चार कप्पे. एकात बार, म्हणजे लाटून काढलेले लोखंडाचे गोल दांडे. एकात प्लेटी. एकात फोर्जिंग, म्हणजे लालभडक तापवून, साच्यात ठोकून, जवळजवळ हव्या त्या आकाराचे केलेले तुकडे. शेवटच्यात कास्टिंग, ओतीव माल. कोणती वस्तू कशातून करायची याचे नियम जाडजूड इंग्रजी पुस्तकात आहेत. फकरोद्दीननं ते एका इंजिनिअरकडून वर्षभर रोज थोडं थोडं समजून घेतलं आणि मग लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाला घराणी पाठ असतात तसं तोंडपाठ केलं.

"हे बघ," मला एकदा स्टोअर दाखवताना म्हणाला, "कपलिंग सरळ माणूस हाय. बारमधून केला, चालतो. कोणाची हरकत न्हाई. एल्बो आन् टी, यायला फोर्जिंगच. जाड गळ्याचा फ्लँज, म्हंजे नळीच्या तोंडाची चकती, कोणी प्लेटीतून कापून आणला तर मी त्याला दारात उभा करीत न्हाई. आन् कास्टिंग म्हंजे पाव्हणे. ड्रॉइंगनं नाव घेऊन बोलावलं तरच आत."

"पण लोखंड ते लोखंडच ना रे?"

"ऊस बघितला का तू?"

"आता मला ऊस दाखवतो का?"

"उसाचे धागे कसे जातेत? उभे. बारमधल्या रेषा बी तशाच जातेत, लांबीनं. आता उसाच्या कांडक्यातून कोरून मला एक कोपरा काढून दे. वळणावर सगळे धागे तुटलेले राहतीन का न्हाई? आन् वाफेला काय पायजे? तेच पायजे. फोर्जिंगमधी ठोकताना रेषा वळणासंगं वळतेत, तुटत न्हाईत."

मला एवढं पटलं की मी घरी येऊन सुनेला उसाचा कोपरा समजावून सांगितला. तिनं मला रसाचा ग्लास आणून दिला.

आता मूळ हकिकत. मागच्या एप्रिलची आहे. पुण्याच्या एका टाक्या बनवणाऱ्या कंपनीची मोठी ऑर्डर श्रेणिकशेठला लागली. शंभर कपलिंग आणि दोनशे चाळीस एल्बो. टाक्या जाणार होत्या सरकीच्या तेलाच्या गिरणीत. मुदत तीन आठवडे. एल्बोंची फोर्जिंग राजकोटहून यायची, तर तिकडून फोन आला की फोर्जिंग ठोकायचा हॅमर बंद पडलाय, पाच आठवडे लागतील. इकडं स्टोअरमध्ये चार टन बार पडलेला. चांगला, नवा कोरा, सर्टिफिकेटवाला.

श्रेणिकशेठ माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. आवाज चढवत नाही, कामगाराच्या घरी आजारपण असेल तर स्वतः गाडी पाठवतो. पण जालन्याच्या हवेत वाढलेला माणूस आहे. ज्या गावाच्या भट्ट्यांमधून रात्रंदिवस बार निघतात, त्या गावात माणसाला वाटायला लागतं की देवानं जग बारमधूनच कापून काढलं असावं. तो स्टोअरमध्ये आला.

"फकरूभाई, बार काढा."

"कपलिंगला ना?"

"एल्बोला."

"एल्बोला बार चालत न्हाई, शेठ."

"अहो, माल तोच हाय ना? केमिस्ट्री तीच, ताकत तीच. सर्टिफिकेट बराबर जुळून राह्यलं."

"माल तोच हाय. रूप दुसरं हाय."

"रूप? आपण काय नवरी पाहायला आलो का?"

"नवरीचं रूप पाहून फसलं तर एक घर फसतं, शेठ. हे फुटलं तर गिरणी जाती."

शेठच्या मागं राधेश्याम उभा होता. हा ऑफिसचा मॅनेजर. कागदाचं काम सगळं त्याच्याकडं. त्याच्या प्रिंटरमधून जे निघेल ते खरं, आणि गरम गरम निघायचं. तो पुढं झाला.

"चाचा, सव्वीस सालात आपला एक तरी एल्बो फुटला का?"

"न्हाई."

"मंग?"

"सव्वीस सालात बारमधून केलाच न्हाई."

राधेश्यामनं शेठकडं पाहिलं, शेठनं छताकडं. बार स्टोअरमधून बाहेर जायचा तर चावी फकरोद्दीनच्या कमरेला आणि रजिस्टरात सही त्याची. आणि वडिलांनी ठेवलेल्या माणसाच्या कमरेची चावी ओढून घ्यायची, एवढा श्रेणिकशेठ निगरगट्ट नव्हता. त्यानं आपल्याकडचा जुना, सभ्य आणि खात्रीचा मार्ग पत्करला. फकरोद्दीनचा सत्कार करायचं ठरवलं.

गुणवत्ता सप्ताह म्हणे नोव्हेंबरात असतो. शेठला गुणवत्तेची गरज एप्रिलात लागली, म्हणून तो एप्रिलात झाला. शेडमध्ये मांडव घातला. बॅनर लावलं. खुर्च्या शंभर आणल्या आणि कामगार निघाले एकेचाळीस, म्हणून फकरोद्दीनला सांगण्यात आलं की गावाकडची चार माणसं बोलवा. मी हल्ली मुलाकडं नवीन जालन्यात असतो. मी आणि माझ्या ओळखीतले सहा जण धुतलेले सदरे घालून पहिल्या रांगेत बसलो. आधी शपथ झाली. राधेश्यामनं माइकवरून सांगितली, आम्ही उजवा हात पुढं करून म्हटली: "मी दर्जाशी कधीही तडजोड करणार नाही." माझा गुणवत्तेशी संबंध ज्वारीच्या भाकरीपुरता, पण मीही म्हटली.

मग शाल, श्रीफळ, हार. श्रेणिकशेठचं भाषण झालं. फकरूभाई म्हणजे या कारखान्याचा पाया, असं म्हणाले. पायाला आता वर आणायचं ठरलंय, असंही म्हणाले. आजपासून फकरूभाई "मुख्य गुणवत्ता मार्गदर्शक". काचेची केबिन, फिरती खुर्ची, डोक्यावर पंखा. टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या, खोटं कशाला सांगू?

"आता मार्गदर्शकांनी चाव्यांचं ओझं कशाला वागवायचं?" असं म्हणत राधेश्याम तबक घेऊन पुढं आला. तबकात कुंकू, तांदूळ आणि मधोमध मोकळी जागा. फकरोद्दीननं कमरेची चावी सोडली आणि त्या मोकळ्या जागेत ठेवली. फोटो निघाला. आरतीत दक्षिणा टाकताना माणसं दिसतात तसा तो त्यात दिसत होता. तो फोटो आणि नव्या पदाचं पत्र राधेश्यामनं त्याच दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून दिलं. कंपनीची पत वाढते म्हणे.

सत्काराची ही रीत आपल्याकडं किती सोयीची आहे, पाहा. माणसाला हाकलायचं तर भांडण होतं, युनियन येते. शाल पांघरली की माणूस स्वतःच्या पायानं बाजूला होतो, वर आभार मानतो.

आणि लबाडी कशाला करू, फकरोद्दीनला खुर्ची आवडली. आयुष्यभर लोखंडी स्टुलावर बसलेला माणूस. त्याला पाठ टेकायला मिळाली. दोनशे व्हिजिटिंग कार्डं छापून आली. एक त्यानं मला दिलं, एक स्टेशनसमोरच्या ऑटोवाल्याला, एक केस कापणाऱ्याला. मी त्याला भेटायला गेलो तर तो खुर्ची अर्धी गोल फिरवून म्हणाला, "या." मला! ज्याच्या पाटीवर थुंकी लावून यानं चित्रं पुसली, त्या मला "या"!

चहा आला. बाहेरून करवतीचा घरघर आवाज येत होता. लोखंड कापायची मशीन.

"कशाचा रे आवाज?"

"कापून राह्यलेत कायतरी."

"काय कापून राह्यलेत?"

त्यानं उठून काचेचं दार लावलं. "मी मार्गदर्शक हाय. कोणी विचारलं तर मार्ग सांगायचा."

"आन् न्हाई विचारलं तर?"

"पंखा हाय की."

हसलो दोघं. पण तो खोटं हसला, हे मला लगेच कळलं. साठ वर्षांची ओळख आहे. दार लावलं तरी आवाज बारीक येतच होता, आणि प्रत्येक वेळी मशीन थांबली की त्याची मान थोडी वळायची. तुकडा पडला, एवढं त्याला ऐकू येत होतं. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी जेवताना त्याच्या बायकोनं, मैमूनाभाबीनं, तोंड उघडलं. ती हे मला नंतर स्वतः सांगते, आणि सांगताना फकरोद्दीन समोर बसलेला असला तर जास्त रंगवून सांगते.

"चावी देके शाल लाए तुम. अप्रैल की गरमी है, किसकू ओढाऊं?"

"इज्जत से दिए हैं, मैमूना."

"इज्जत? बकरे कू बी हार डालते. अन् ये कारड बाटते फिररए शहर में. कल वो टाकी फूटी, तो कारड पे किसका नाम है? राधेश्याम का?"

फकरोद्दीनचा घास हातातच राहिला. आठ दिवस तो समजत होता की चावी गेली म्हणजे जबाबदारी गेली. जबाबदारी उलट छापून, खाली मोबाईल नंबर घालून, दोनशे प्रतींत शहरभर गेली होती, आणि वाटणारा तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो केबिनमध्ये न जाता थेट शेडमध्ये गेला. टेबलावर निळा कागद अंथरला होता आणि त्यावर दोनशे चाळीस एल्बो ओळीनं मांडले होते. तेल लावलेले, चांदीसारखे.

"बघा चाचा, कसे चमकून राह्यलेत!" राधेश्याम म्हणाला.

"बारमधून कापले?"

"चाचा, आज इन्स्पेक्शन हाय. शुभ बोला."

पुण्याहून गिऱ्हाइकाच्या तपासनीस आल्या होत्या. वंदना मॅडम, वय तिशीतलं, हातात मोजमापाच्या हत्यारांची पेटी आणि चौदा पानी तपासणी यादी. बाई कामाला पक्की. आटे तपासले, बराबर. भोक तपासलं, बराबर. काटकोन तपासला, केसाचा फरक नाही. आमच्या जालन्याच्या लेथवाल्या खराद्यांचा हातच तसा आहे. चुकीची वस्तू सांगा, अचूक मापात करून देतील. चौदा पानं सरकत गेली. कच्च्या मालाविषयी त्या यादीत एकच ओळ होती: सर्टिफिकेट आहे काय? हो किंवा नाही. राधेश्यामनं सर्टिफिकेट पुढं केलं. त्यात जिथं बार लिहिलेलं होतं तिथं आता फोर्जिंग लिहिलेलं होतं. बाकी अक्षर न् अक्षर खरं. मॅडमनी "हो"वर खूण केली.

शेवटच्या पानावर कारखान्याच्या गुणवत्ता प्रमुखाची सही लागते. राधेश्यामनं सवयीनं पेन उघडलं.

"तुम्ही नाही," मॅडम म्हणाल्या. "आम्हाला तुमचंच पत्र आलंय ना, फोटोसकट. शाल घातलेले काका कुठे आहेत?"

शेडमध्ये सगळ्यांच्या माना फकरोद्दीनकडं वळल्या. सत्कार करताना शेठला एवढंच हवं होतं की या माणसाला कोणी काही विचारू नये. आता नेमकं त्यालाच विचारावं लागत होतं, आणि त्याच्या सहीशिवाय एक नगही दाराबाहेर जाणार नव्हता.

शेठनं "एक मिनिट, मॅडम" म्हणून त्याला कॉम्प्रेसरच्या मागं नेलं. तिथं आवाज असतो, बोललेलं बाहेर जात नाही.

"फकरूभाई, तेवीस वर्षं झाली तुम्हाला."

"सव्वीस."

"सव्वीस. माझ्या लग्नात तुम्ही नाचलेत. माझा शब्द घ्या, पुढच्या ऑर्डरला फोर्जिंगच. ही एकच वेळ."

"शेठ, ही एकच वेळ हाय, हे त्या टाकीला कोण सांगणार?"

शेठनं चष्मा काढला. मग तो पुसत, खाली बघत म्हणाला, "सही न्हाई झाली तर ऑर्डर गेली. ऑर्डर गेली तर मंग... तुम्ही उद्यापासून येऊ नका."

फकरोद्दीन मला म्हणाला की त्याला त्या घडीला गिरणी आठवली नाही, काही नाही. फक्त घरी जाऊन मैमूनाला काय सांगायचं हा विचार आला. दोन्ही बाजूंनी. सही केली तर तिला काय सांगू, आणि नाही केली तर काय सांगू. पहिलं सांगणं जास्त अवघड वाटलं, म्हणाला.

तो परत आला, खुर्चीवर बसला, मॅडमचं पेन घेतलं. शेवटच्या पानावर शेऱ्यासाठी चार बोटं जागा होती. त्यात त्यानं शाळेतल्या वळणाच्या अक्षरात लिहिलं: "एल्बो बारमधून कापलेले आहेत. एल्बोला बार चालत नाही." आणि खाली पूर्ण नावाची सही केली.

राधेश्याम खांद्यावरून वाचत होता. "मॅडम, चाचांना इंग्रजी येत न्हाई, त्यांचा गैरसमज झाला..."

"मला मराठी येतं," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी शेरा दोनदा वाचला. मग सर्टिफिकेट वाचलं. कागद एक म्हणतो, माणूस दुसरं म्हणतो. चौदा पानांत कुठंच लिहिलेलं नव्हतं की अशा वेळी काय करायचं. बाईचा चेहरा जरा लाल झाला. कारण अख्खी सकाळ तिनं आटे मोजले होते आणि हे बनलंय कशातून, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"काका, दाखवता येईल?"

"एक कापा मॅडम, मधोमध. घासा, आन् ॲसिडात टाका. तेच बोलतं."

कापला. घासून आरशासारखा केला. गरम ॲसिडात ठेवला आणि सगळे त्या ताटलीभोवती उभे राहिले. हळूहळू पिठात बोट फिरवल्यासारख्या रेषा उमटायला लागल्या. सगळ्या सरळ, एका दिशेनं, शेजारी शेजारी. एल्बो वळला तरी रेषा वळल्या नव्हत्या. वळणाच्या आतल्या कडेला येऊन त्या तशाच तुटल्या होत्या, ओळीनं. फकरोद्दीननं मग स्टोअरमधून जुन्या ऑर्डरचा एक फोर्जिंगचा एल्बो मागवला आणि तोही कापायला लावला. त्यात रेषा वळणाबरोबर वळत गेल्या होत्या, बैलगाडीच्या चाकोरीसारख्या. शेडमध्ये जो लेथवाला पोरांना शिकवतो, तो हळूच म्हणाला, "च्यायला."

मॅडमनी फोटो काढले. कपलिंग मंजूर, एल्बो नामंजूर, असं लिहिलं. मग आपल्याच यादीच्या चौदाव्या पानाखाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: माल कोणत्या रूपातला आहे, ते स्वतः पाहावे. पेटी उचलून गेल्या.

श्रेणिकशेठ ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "जा, फकरूभाई."

फकरोद्दीन गेला. घरी मैमूनाभाबीनं विचारलं, आज जल्दी कसे? त्यानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाथ धो लो, रोटी डालती." आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या एखाद्या कामावर तिनं शेरा मारला नाही, आणि त्यामुळं तो जास्त घाबरला.

पाच दिवस तो घरी बसला. मी रोज जायचो. त्याला धीर द्यायला म्हणून जायचो आणि गोष्टी सांगून यायचो. तिसऱ्या दिवशी मी बैल बदलल्याची गोष्ट काढली तर भाबी आतून म्हणाली, "भाई, तुम उनकी नोकरी की फिकर करो, बैलां की नक्को." शहरात तोवर बातमी पसरली होती. काही लोक म्हणाले, बाणेदार माणूस. जास्त लोक म्हणाले, शेठचं मीठ खाऊन शेठलाच खारट केलं. एका कारखानदारानं तर निरोप धाडला की नोकरी देतो, पण स्टोअर सोडून कुठंही.

सहाव्या दिवशी दुपारी दारात गाडी थांबली. श्रेणिकशेठ एकटाच. मी तिथंच बसलेलो होतो, म्हणून हे कानांनी ऐकलेलं सांगतो. तो चप्पल काढून आत आला, पाणी प्याला, पंख्याकडं बघत राहिला.

"पुण्याहून मेल आला. ऑर्डर ठेवतेत म्हणे. फोर्जिंग येईपर्यंत थांबायला बी तयार हायत."

"अच्छी बात हाय, शेठ."

"पण एक अट हाय. प्रत्येक लॉटवर तुमची सही पायजे. दुसऱ्या कोणाची चालत न्हाई." वर म्हणाला, "त्यांनी तुमचा शेरा दाखवला म्हणे वरच्या साहेबांना. मराठीतच."

मला वाटलं, आता फकरोद्दीन छाती फुगवील. तो म्हणाला, "चावी?"

"घ्या."

"खुर्ची नको. स्टूलच बरा."

"बरं."

"आन् ते दोनशे एकोणचाळीस एल्बो हायत अजून. ते कापायचे."

"भंगारात देऊन टाकतो ना, फकरूभाई. वजनावर."

"भंगारवाला चमकती चीज वितळवत न्हाई, शेठ. पुसून विकतो. मंग ते कुठल्या टाकीवर बसतीन, कोणाच्या डोक्यावर, न आपल्याला कळणार न त्यांना. भंगारात द्या, पण दोन तुकडे करून."

शेठला खरंच वेदना झाली. मी पाहिलं. व्यापाऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस. तयार झालेली वस्तू मोडायची म्हणजे त्याला पाप वाटत होतं. पण आतून मैमूनाभाबी चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "शेठ, दो टुकडे तो होनाच. या इधर होंगे, या उधर." शेठनं चहा घेतला आणि हो म्हणाला.

दोन दिवस कापणं चाललं. राधेश्यामला काम दिलं होतं एल्बो एक एक करून मशीनपाशी आणून द्यायचं आणि खडूनं रेघा मारत मोजायचं. त्याच्या प्रिंटरला दोन दिवस सुट्टी होती. फकरोद्दीन शेजारी स्टुलावर बसून होता. एक तुकडाही त्यानं नजरेआड होऊ दिला नाही. पोरं चहाला गेली तर मशीन बंद करून हा तिथंच बसायचा.

दुसऱ्या दिवशी शेवटी शेवटी शेठ शेडमध्ये आला. एकच एल्बो राहिला होता. त्यानं तो हातात घेतला, खिशातून आटे पाडलेला नळीचा एक तुकडा काढला आणि फिरवून बसवून पाहिला. एका बोटानं फिरला, शेवटपर्यंत, जरासुद्धा न अडता.

"काय आटे बसलेत, फकरूभाई!"

"आटे बढिया हायत. पोरांच्या हातात खोट न्हाई."

"हा एक राहू द्या. माझ्या टेबलावर ठेवतो. आठवण म्हणून."

"तुमच्या टेबलावर राहीन. तुमच्या नंतर जो बसंन त्याच्या बी टेबलावर राहीन. मंग एक दिवशी एक एल्बो कमी पडंन, आन् कोणीतरी म्हणंन, हा घ्या, तयारच हाय."

मशीनवरचा पोरगा चहाला गेला होता. शेठनं नळीचा तुकडा काढून खिशात टाकला, एल्बो स्वतःच मशीनच्या जबड्यात ठेवला आणि विचारलं, "घट्ट कसं करतेत?"

फकरोद्दीननं दाखवलं. शेठनं दांडा फिरवला. कारखान्याचा मालक, पण आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या मशीनचं बटण दाबलं असेल. पाती खाली आली. मिनिटभर घरघर झाली आणि दोन तुकडे खाली पडले. राधेश्यामनं शेवटची रेघ मारली.

"फोर्जिंग कधी येऊन राह्यली?" शेठनं हात पुसत विचारलं.

"हॅमर लवकर सुरू झाला म्हणे. सोमवारी गाडी लागंन."

"मंग सोमवारी मी बी येतो स्टोअरला. उतरवताना मला दाखवा, कशी असती ते."

"सकाळी आठला या," फकरोद्दीन म्हणाला. "आन् जुने कपडे घालून या."